तिला ओळखणाऱ्यानेच जावं

मी, अरुणा मुकुल देवस्थळी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार मरीन परेड, सिंगापूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी रमीचा एक डाव खेळून बघावा. याआधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत. तसंच "मी गेल्यावर कळेल तुम्हाला" असं रागाच्या भरात जे जे बोलले असेन, तेही रद्द.

कलम एक. राहता फ्लॅट माझा मुलगा प्रबोध आणि सून अनघा यांना निम्मा-निम्मा द्यावा. प्रबोध म्हणाला, "आई, नवराबायकोत कसली वाटणी?" बाळा, अनघा पुण्याहून या देशात आली तेव्हा तिच्या नावावर दोन बॅगा होत्या. त्यातली एक लोणच्याची. आता तिच्या नावावर भिंती असू देत.

कलम दोन. शिवणयंत्र माझी मैत्रीण मेधा हिला द्यावं. त्याची कात्री ती आधीच घेऊन गेलेली आहे. तिला वाटतं मला माहीत नाही.

कलम तीन. इजिप्तवरची माझी पुस्तकं नात चैत्रालीला. माझी शाळा सातवीपर्यंत. इजिप्त मी शिकले ते इथल्या लायब्ररीत. खरं सांगायचं तर उकाड्याला कंटाळून एसी खायला गेले आणि शब्दकोश मांडीवर घेऊन तिथेच रमले. लोकांना ममी आणि पिरॅमिड आवडतात. मला आवडल्या तिथे सुना होऊन आलेल्या परदेशी राजकन्या. दोन राजांचं सख्य जमायचं आणि त्यापायी मुलगी वाळवंट ओलांडून जायची. मितानी राज्याची राजकन्या गिलुखेपा तर तीनशेहून जास्त बायका सोबत घेऊन सासरी गेली. स्वयंपाकघरात काय गोंधळ झाला असेल!

या विषयावर मी इथल्या मराठी मंडळात भाषण केलं होतं. कार्यकारिणीने मला जेवणानंतरची वेळ दिली, तीही श्रीखंडाच्या जेवणानंतरची. ज्यांनी ती वेळ ठरवली त्यांना मी क्षमा करत नाही, पण माझ्या तेराव्याला श्रीखंडच करावं.

कलम चार. बाळाची लाल कुंची, कपाटात वरच्या फळीवर आहे, तीही चैत्रालीला. हिची हकिकत लिहून ठेवते, म्हणजे पुढचं कलम समजेल.

बॅबिलोनच्या एका राजाची बहीण इजिप्तच्या राजाला दिली होती. पुढे तिची खबरबात कळेना. भावाचे दूत गेले, तर त्यांच्यासमोर राण्या उभ्या करून सांगितलं, ही बघा तुमची बाई. दूतांना ओळखता येईना. भावाने तक्रार केली. त्यावर मेहुण्याचं उत्तर मातीच्या विटेवर अजून आहे: तिला ओळखणारा माणूस का पाठवला नाहीस? तू पाठवलेल्यांतला एक तर गाढवं हाकणारा!

लायब्ररीत हे वाचलं आणि मी इतकी मोठ्याने हसले की शेजारचे चिनी आजोबा जागे झाले. कारण माझंही तेच झालं होतं. लग्न होऊन इथे आले, वर्षही झालं नव्हतं. घरच्या आठवणीने मी वाळून काडी झाले होते. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मिरजेहून बोटीवरच्या एका ओळखीच्याला माझी खुशाली बघायला पाठवलं. त्याने मला कधी पाहिलं नव्हतं. तो आला तेव्हा मी बाजारात होते आणि माझ्याकडे दूध उतू जाऊ नये म्हणून मेधा बसली होती, तिची दोन पोरं घेऊन, कडेवर एक आणि पायाशी एक. तो दारातूनच म्हणाला, "ताई, बऱ्या आहात ना?" मेधा म्हणाली, "मजेत!" त्याने अण्णांना कळवलं: मुलगी सुखात आहे, अंगाने भरली आहे, दोन गोंडस मुलं आहेत.

आईने अवाक्षर न विचारता दोन कुंच्या शिवून पाठवल्या. एक मेधाच्या धाकट्याने वापरून फाडली. दुसरी ही. आम्ही दोघी आजही यावर पोट धरून हसतो. पण त्या वर्षी मी कशी होते, ते अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही.

कलम पाच. चैत्राली जूनमध्ये नॉर्वेच्या मुलाशी लग्न करून बर्गनला जाते आहे. मी त्याला नॉर्वेकर म्हणते. गुणी आहे, वरणभातावर लिंबू मागून घेतो. चैत्राली इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणते, "आजी, बर्गन इज नॉट द मून, लाह!" पण प्रबोध हट्ट धरून बसला आहे, "एवढ्या लांब जायचं तर जा, मी येणार नाही." तीन महिने लेकीशी बोललेला नाही. चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसातून घरी येतो, टीव्ही लावतो आणि बघत नाही.

प्रबोध, इजिप्तचा राजा चारी दिशांनी सुना आणायचा, पण आपली मुलगी बाहेर द्यायची म्हटली की सांगायचा, आमच्याकडे तशी रीत नाही. तूही अनघाला आणताना पुणं किती लांब ते मोजलं नव्हतंस. तुला राग आलेला नाही, तुला भीती वाटते आहे. भीतीला उपाय असतो.

म्हणून माझ्या बचतीतून, माझ्या मृत्यूनंतर, दरवर्षी एका माणसाने बर्गनला जाऊन चैत्रालीला समोर बसून बघून यावं. व्हिडिओ कॉल चालणार नाही. त्यात सगळेच गोरे दिसतात. तो माणूस प्रबोधच असावा. ती उपाशी असली की जास्त बोलते, हे घरात त्यालाच कळतं.

कलम सहा. व्यवस्था अनघाने बघावी. माझ्यामागे रडायचं असेल त्यांनी आधी जेवून घ्यावं.

कलम सात, सहीच्या आधी वाढवलेलं. वरचं सगळं प्रबोधला वाचायला दिलं. त्याने उभ्यानेच वाचलं.

"हे तू गेल्यावर?"

"मृत्युपत्र आहे. दुसरं कधी?"

"म्हणजे तोवर तिच्याकडे कोणी जायचंच नाही?"

"मला काय विचारतोस?"

तो खिडकीशी गेला आणि त्याने चैत्रालीला फोन लावला, स्पीकरवर. चैत्राली म्हणाली, "बाबा? आर यू ओके?"

तो म्हणाला, "जूनमध्ये तिथे स्वेटर लागतो का गं?"

त्याने फोन कानाजवळ नेला. मग प्रबोध म्हणाला, "रडू नकोस."

"मी नाही रडत."

"नाक ओढलंस आत्ता."

अनघाने गॅस बंद केला आणि ती ओट्याशी हसत उभी राहिली, पदर डोळ्यांना लावून.

सबब कलम पाचमध्ये दुरुस्ती करते: "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द काढून टाकावेत. पहिल्या खेपेला मीही जाईन.

सही: अरुणा मुकुल देवस्थळी

साक्षीदार, दोघांनाही यातून काही मिळणार नाही, चहा सोडून:
१. निहार गोखले, वरच्या मजल्यावरचे
२. कादंबरी निहार गोखले, त्यांच्या पत्नी

स्थळ: मरीन परेड, सिंगापूर
दिनांक: १२ मार्च २०१६