केबलच्या टोकाची टोपी

११ ऑगस्ट
आज आपल्या बोटीवर इंजिनाची नोंद ठेवणारं यंत्र बसवलं. मीच बसवलं, तरी "चपला काढ, इंजिनाची पूजा झालीय" हे बाबांकडून मलाच ऐकावं लागलं. मिरजोळ्याच्या वर्कशॉपमधून मी लोकांच्या बोटींवर हेच बसवत फिरते. तिथे मला मॅडम म्हणतात.

गेल्या हंगामात इंजिन गरम होऊन दोनदा बंद पडलं. बाबांनी दादाला सांगून टाकलंय — अजून एकदा झालं तर तांडेल बदलणार. म्हणजे बोट चालवणारा घरचाच पोरगा बोटीवरून खाली! दादा मान खाली घालून जाळं सांधत होता.

तापमान, ताण, वेग, बोटीची जागा — सगळे सेन्सर एका मुख्य केबलवर, बोट किनाऱ्याजवळ आली की आकडे माझ्या फोनवर. केबलच्या दोन्ही टोकांना एकेक टोपी. दादाला बजावलं, "हिच्यातून वायर कुठे जात नाही म्हणून बिनकामाची समजू नको. ही काढली की सगळं बंद." "हां," म्हणाला.

चालू इंजिनावर तपासायला एक फेरी येऊ का, विचारलं. बाबा म्हणाले, "बायका नाय जात गो समुद्रावर. किनाऱ्यावरून काय ता बघ."
बघते. जन्मभर तेच करतेय.

१४ ऑगस्ट
पहिली फेरी झाली. बाबाही गेले होते, दर फेरीला जातात, त्यांना घरी बसवत नाही. समुद्रात इंजिन ठणठणीत. पण जाताना आणि येताना, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे तिथे, आकडे लाल. बोट वाळूत घासतेय आणि इंजिन तापतंय, दुसरं काय!

"वाच गो, माझा चष्मा कुठे गेला कोण जाणे," बाबा म्हणाले. वाचलं. "बघितलंस तुझ्या भावाचं?"
बाबांनी माझं काही एवढं लक्ष देऊन पहिल्यांदाच ऐकलं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१९ ऑगस्ट
पुन्हा तीच जागा, पुन्हा लाल. दादाला म्हटलं, "एवढी वर्षं चालवतोस, दांडा कुठे ते कळत नाही?"
"तुला नाय कळायचं ता."
समुद्रावर येऊ द्यायचं नाही आणि वर कळत नाही म्हणायचं!

२४ ऑगस्ट
बोट धक्क्याला लागली, फोनवर एक आकडा नाही. जाऊन बघते तर टोकाची टोपी गायब. ती आपोआप पडत नाही, फिरवून काढावी लागते.

"मीच काढली," दादा म्हणाला. का, ते सांगेना. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "इंजिनाची वाट लावायची आणि वर लपवायचं, लाज नाही वाटत?" बाबा बाजूलाच उभे होते. "उतर खाली, नितेश," एवढंच बोलले.
दादाने टोपी माझ्या हातावर ठेवली आणि गेला.

२८ ऑगस्ट
काल गणपती बसले. दादा आला नाही. हर्णैला कुणाच्या तरी बोटीवर लागलाय म्हणे. आई मोदक वळत होती, माझ्याशी एक शब्द नाही. सगळ्यांना मीच दिसते!

४ सप्टेंबर
नवे तांडेल धोंडूकाका. टोपी जागेवर. आज त्यांची पहिली फेरी — आणि खाडीच्या तोंडाशी लाल. तीच जागा.

काकांना विचारलं, "तुम्हीपण वाळूत घातलीत?" ते हसले. "मी खंयचा गो? तोंडाशी सुकाणू तुझ्या बापाच्या हातात. पहिल्यापासून तो कुणाला धरू देत नाय. आता दिसत नाय त्याला, पण सांगणार कोण?"

अख्ख्या बंदराला माहीत. मला नाही, कारण मी कधी बोटीबरोबर समुद्रावर गेलेच नाही. दादाने टोपी कोणासाठी काढली ते आज कळलं. आणि बाबा बाजूलाच उभे होते.

५ सप्टेंबर
बाबांना सगळे आकडे वाचून दाखवले. तोंडाशी सुकाणूवर कोण होतं तेही सांगितलं. म्हटलं, दादाला फोन लावा.
बाबा म्हणाले, "ती टोपी परत काढता येते काय गो?"