मायनं पोराला हात का लावला नाही

जवाहरनगर,
दि. ९ जानेवारी १९८२

चि. सौ. तुळसास,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळी बरी आहोत. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण तुझं उत्तर काही येत नाही. तुझे दादा सध्या पहिल्या पाळीला जातात. फॅक्टरीची बस क्वार्टरसमोरच थांबते, तरी रोज धावत जाऊनच पकडतात. गावी एकोडीला धान यंदा चांगला झाला. मळणी उरकली आणि तुझी माय आमच्याकडे राहायला आली. थंडी फार आहे, कातडी नुसती फुटून राहिली आहे सगळ्यांची.

मायचं नाव वाचून पत्र बाजूला ठेवू नको. पुढे वाच.

तुझा राग मी समजते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर मायनं निरोप धाडला, "इकडे येऊ नको." तू तिरोड्याला सासरीच बाळंत झालीस. बारशाला माय आली, पण दारातच बसली. तू पोर पुढे केलंस तर म्हणाली, "राहू दे, झोपला आहे." पोरगं टक्क जागं होतं. तुझ्या सासरच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या आणि तुझा चेहरा उतरला, ते मी पाहिलं आहे.

इथेही माय तशीच वागत होती. आपलं ताट-गडवा घरून घेऊन आली. कपडे वेगळे धुवायची. आमची छबी जवळ गेली की पदरात हात लपवून म्हणायची, "जाय बेटा, खेळ." मला वाटलं, शहरातली सून हिला आवडत नसेल. मनाला लागलं.

मग एक दिवस सकाळी मी आंघोळीचं पाणी स्टोव्हवर ठेवलं होतं. पाणी खळखळ उकळत होतं. मी फडकं शोधायला वळले, तेवढ्यात मायनं पाण्यानं भरलेला गंज उघड्या हातांनी उचलला आणि अगदी सावकाश खाली ठेवला. चेहऱ्यावर काही नाही. मी ओरडले, "माय, हात भाजला ना वं!"

तिनं बोटांकडे पाहिलं. फोड येत होते. म्हणाली, "ओरडू नको. मले नाही कळत."

"काय नाही कळत?"

"बोटायले गरम-गार काहीच नाही कळत. लय दिवस झाले."

मी हात धरायला गेले तर ती भिंतीला जाऊन टेकली. "हात नको लावू, शकुंतला! रुखमिणीले झालं तेच मले झालं आहे."

तुला एकोडीची रुखमिणी आठवत असेल. महारोग झाला म्हणून तिच्या घरच्यांनी तिला गावाबाहेर बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या बांधावरच, खोपडीत ठेवलं होतं. गावातलं कोणी फिरकत नव्हतं. मायनं मला सगळं सांगितलं. ती जंगलात लाकडाला जाते म्हणायची आणि तिच्याकडे पेज घेऊन जायची. नुसती पेज ठेवून परतायची नाही. तिचे हातपाय कोमट पाण्यात भिजवायची, मोहाचं तेल लावून चोळून द्यायची. रुखमिणी मरेपर्यंत तिनं हे केलं, आणि तुम्हा भावंडांना पत्ता नव्हता.

पुढे मायची स्वतःची बोटं बधिर झाली. हातावर पांढुरके, कोरडे चट्टे दिसू लागले. तिला वाटलं, झालं. कोणाला म्हणायची सोय नव्हती. तेवढ्यात तुझ्या बाळंतपणाची खबर आली. म्हणाली, "पोरीचं अंग चोळाले लागते, पोराले न्हाऊ घालाले लागते. या हातानं कशी घालू? म्हून नको म्हटलं. ती रागावंल, पण पोर चांगलं राहील."

मी विचारलं, "रुखमिणीकडे गेलीस याचा पस्तावा होते का वं?"

माय म्हणाली, "कायले होईल? तिले कोणी तरी हात लावाले पाहिजेच होता."

तुळसा, मी या बाईची सून आहे याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

तुझ्या दादांनी रजा टाकली. आम्ही तिला भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी फोड पाहून पट्टी बांधली. मग तिचे डोळे मिटवले आणि हातावर, चट्ट्यांवर, पाठीवर कापसाचा बोळा हळूच टेकवत विचारलं, कुठे लागलं ते दाखवा. माय बरोबर दाखवत गेली. फक्त बोटांच्या टोकांशी चुकली. त्यांनी कोपराजवळच्या शिरा चाचपल्या, रक्तही तपासलं. मग म्हणाले, "आजी, तुम्हाला महारोग नाही. असता तरी त्यावर औषध आहे, कोणाला खोपडीत ठेवायचं काम नाही. जन्मभर चिखलात रोवणी केली, विळा धरला, चूल फुंकली. बोटांची कातडी जाड झाली आणि वयानं तिची जाणीव कमी झाली. चट्टे कोरडेपणाचे आहेत. तेल लावत जा, आणि गरम भांड्याला फडकं घ्या."

मायनं विचारलं, "लहान लेकराले घेतलं तर चालते का?"

"खुशाल घ्या," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर ती रस्त्यातच थांबली. पट्टी नसलेल्या हातानं तिनं माझं मनगट धरलं, मग दंड, मग गाल. लोक पाहत होते. तुझे दादा पानठेल्याकडे तोंड करून उभे राहिले. ते रडत होते.

आता फोड भरले आहेत. रोज दुपारी उन्हात बसून मी तिचे हात तेलानं चोळते. मनगटावरची कातडी जुन्या लुगड्यासारखी पातळ आणि मऊ झाली आहे. चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. दंडावरचं गोंदण पार फिकं झालं आहे, पण तेल लागलं की हिरवं दिसते. बोटांना माझा हात पुरता कळत नाही, दंडाला मात्र कळतो. तिनं स्वतःच एक गोष्ट शोधून काढली. छबीचं दूध गरम आहे का, ते ती पेला गालाला लावून पाहते. परवा छबी तापली तर तिच्या कपाळावर गाल टेकवून बसली. म्हणाली, "बोटं गेली तर गाल आहे ना अजून."

हे तुला सांगू नको असं तिनं मला बजावलं होतं. म्हणे, पोरीले वाईट वाटंल. मी ऐकलं नाही. तुझा राग खोट्या गोष्टीवर राहू नये असं मला वाटलं.

येत्या रविवारी मी आणि माय तिरोड्याला येत आहोत. तिनं तुझ्या पोरासाठी जवसाचे लाडू बांधले आहेत. तो आता चालत असेल, तरी लाडू कशाचे ते त्याला कळणारही नाही. पण तुळसा, आम्ही दारात आलो की माझं एवढं ऐक. आधी पोर तिच्या मांडीवर दे. मग मायलेकी पाहिजे तितकं भांडा.

तुझ्या मायचे हात रोज हातात घेणारी,
तुझी वहिनी
शकुंतला