पायांची लांबी

आबा, तुम्ही मला स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकवून, पाय समोर ताठ पसरून बसवलंय. आई भाकरी थापायची थांबून बघतेय. भिंतीपासून टाचेपर्यंत टेप लावून तुम्ही दोनदा मोजता आणि म्हणता, "आखूड पडतात. विमानात पेडलपर्यंत पोचायचे नाहीत. हवाई दलात अर्ज करू नकोस." दोन युद्धांत विमान उडवलेल्या, एअर कमोडोर होऊन निवृत्त झालेल्या माणसाला मी काय उलट विचारणार? बी.एस्सी. संपवून मी बँकेत लागले. पँट घेतली की शिंप्याला लांबी कमी करायला सांगायची सवय लागली. "ताई, घोट्याच्या वर जाईल," तो म्हणायचा. मला वाटायचं, त्याचंच चुकतंय.

गेल्या महिन्यात दादाची मुलगी हवाई दलाच्या वैद्यकीय तपासणीत पास होऊन आली. तिथं पाय कसे मोजतात ते दाखवायला ती भिंतीशी बसली. "माझे आखूड आहेत," म्हणत गंमत म्हणून मीही शेजारी बसले. माझ्या टाचा तिच्या पुढं गेल्या.

"आत्या, तुझे पाय माझ्याहून लांब हायत की. आखूड म्हणून कुणी सांगितलं तुला?"

मी तुमचं नाव घेतलं नाही. तेव्हाचे नियम वेगळे असतील, टेप सरकला असेल, असं दोन दिवस स्वतःला समजावलं. मग आईला विचारलं. ती मेथी निवडत होती.

"मोजलं बरोबर हुतं. सांगितलं ते खोटं."

पहिल्या युद्धात तुम्ही तुकडीतले सगळ्यात लहान होतात, दुसऱ्यात तुकडीचे प्रमुख, एवढं मला माहीत होतं. दुसऱ्या युद्धात तुमच्याबरोबर उडालेला कागलचा मुलगा परतला नाही, हेही. युद्ध संपल्यावर तुम्ही त्याच्या घरी गेला होतात, हे आईनं आता सांगितलं.

"त्या माउलीनं आधी ताट वाढलं. म्हणाली, पोटभर खा, मग सांग. तिला कळलंच हुतं की. तुला मोजल्यावर हे मला म्हणाले, त्या बाईच्या जागी मला बसायचं न्हाय."

हे मला समजतं. पण त्याच वर्षी आमच्या कॉलेजच्या समारंभात तुम्ही पाहुणे होतात. "पोरींना अडवू नका, आमच्याकडे पाठवा," असं तुम्ही समोर बसलेल्या आईबापांना बजावलंत. मी तिसऱ्या रांगेत होते आणि टाळ्या वाजवत होते. दुसऱ्यांच्या आया त्या जागी बसलेल्या तुम्हाला चालणार होत्या. सरळ "नको" म्हणाला असतात, तर मी भांडले असते, कदाचित हरलेही असते. तुम्ही मला भांडूच दिलं नाहीत. तुमचा नकार माझ्याच पायांवर ढकललात आणि मी तो पंचवीस वर्षं वागवला.

पुढच्या आठवड्यात पोर प्रशिक्षणाला निघेल. काल बॅग भरता भरता तिनं विचारलं, "आत्या, जाऊ न्हवं मी?"

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मी "जा" म्हणाले. पण म्हणायला वेळ लागला, आणि तेवढ्यात तिला अडवायला दोन खोटी कारणं माझ्याकडे तयार होती.