फाटकावर न वाचलेली ओळ

आबा, मिलच्या फाटकावर मी कागद वाचला, त्या दिवसाचं आज लिहितोय. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. सुरतेतल्या उधन्याची आपली एवढी मोठी कापड मिल, तीन महिने भोंगा बंद. साहेब लोक म्हणत, कंपनी बुडाली, आता सरकारी मंडळ ठरवेल. मग एक दिवस त्या मंडळाचा कागद आला, गुजरातीत. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत मी गुजराती शिकलो होतो, म्हणून नेहमीसारखं मलाच स्टुलावर चढवलं. कागद बघत आपल्या अहिराणीत सांगायचं, हे माझं काम.

"काय लिखेल शे भो? जल्दी सांग, चहा थंडा व्हई राहिना!" कोणीतरी ओरडतं, सगळे हसतात. तुम्ही पुढेच उभे आहात, टोपी हातात घेऊन.

मी सांगतो, तीन रस्ते आहेत, कोणता हवा ते आपण कामगारांनी हात वर करून सांगायचं. बँका पुन्हा पैसा घालतील, आपण पगार कमी घ्यायचा आणि मिल चालवायची. नाहीतर दुसऱ्या मालकाला विकायची, पण घेणारा कोणी पुढे आलेला नाही. नाहीतर टाळं लावून साचे, म्हणजे आपले माग, लिलावात काढायचे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. पहिल्या रस्त्याखाली आणखी एक ओळ होती: पंचावन्नच्या वरच्यांना आधी कमी करणार. तुम्हीही पंचावन्नच्या वरचे. ती ओळ न वाचताच मी पान उलटलं. पहिल्या रस्त्याला सगळ्यांनी हात वर केले. तुमचाही हात वर होता, आबा.

पंधरा दिवसांनी कमी केलेल्यांची यादी लागली, तुमचंही नाव त्यात होतं. कागदातली ती ओळ आता कळलेले यादीतले म्हातारे लिंबायतला आपल्या दारात आले, तोंडाला येईल ते मला बोलले. तुम्ही उंबऱ्यात आडवे उभे राहिलात. "पोराचा काय दोष? कागद गुजरातीत होता. त्यालाही पुरतं कळलं नसेल." ते गेले. मग तुम्ही चुलीपाशी बसलात, भाकरी मोडली आणि तोंडात न घालताच मला विचारलंत, "तुले वाचता येस ना? मंग एक ओळ कशी सोडी दिधी?"

मी म्हटलं, घाईत सुटली. तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर मरेपर्यंत एका शब्दानं विचारलं नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची. तुम्ही खोकलात तरी वाटायचं, आता विचारतील.

आबा, घाई नव्हती. चारचौघांत तुम्हाला ऐकावं लागू नये म्हणून सोडली, असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आलो. तेही खरं नाही. ती ओळ ऐकली असती तर म्हाताऱ्यांचे हात वर आलेच नसते, मिल लिलावात गेली असती, आणि माझी नोकरीही. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. मी माझी नोकरी वाचवली.

हे कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्या सुनेला वाचता येतं, म्हणून हा कागद घरात कुठे ठेवायचीही हिंमत होत नाही. घडी घालून सदऱ्याच्या खिशातच ठेवतोय.