झुडूप, खडूची रेघ आणि माझं स्टूल

प्रिय धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे भरपूर आशीर्वाद. कंबर कशी आहे? (खुर्ची बदल म्हणून तीन वर्षं सांगतेय. पालिकेच्या उद्यान खात्यात साहेब झालास म्हणून कंबर तुझा हुकूम ऐकेल असं नाही.) वहिनीला म्हणावं, पडदे शिवून तयार आहेत, पण आणून द्यायला मला सवड नाही. मी बागेत बसलेय आणि उठणार नाहीये.

म्हातारीचं डोकं फिरलंय असं कानावर आलंच असेल. आता माझ्याकडून ऐक. बसथांब्यामागच्या छोट्या बागेत मी रोज सकाळी जाते. वसंत लागल्यापासून तिथे नुसती झुंबड आहे. फुलांवर काळे भुंगे, दगडाखालून निघालेले लाल किडे (जोडीने एकमेकांना चिकटून उलटसुलट चालतात, लाजत बिजत नाहीत), आणि एक शिंपीण, अंगठ्याएवढा पक्षी, आवाज मात्र मुकादमाचा. तिने दोन पानं शिवून घरटं केलंय. वाकून बघते तर दोरा नारिंगी, म्हणजे माझाच, खिडकीतल्या चिंध्यांच्या डब्यातून उचललेला. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, गिऱ्हाइकांनी खोटच काढली. हिने मात्र न विचारता माझा दोरा पसंत केला. (टाकाही बघितला. गाठ नाही, टोक पिंजून बाहेर बोंडासारखं ठेवलंय, त्यामुळे सुटत नाही. ओढून बघितलं नाही, तेवढी अक्कल आहे.)

मागच्या आठवड्यात माळी मोठी कात्री घेऊन आला. झुडपं काढून तिथे फरशी घालायचा हुकूम आहे म्हणे. माझ्या गळ्यात टेप होती (पानाचं माप घेत होते, का ते विचारू नकोस), त्यामुळे त्याला मी पालिकेचीच वाटले. कुठवर कापू ते दाखवा, म्हणाला. इथे माझं चुकलं, कबूल करते. मला वाटलं, निदान घरट्याचं झुडूप वाचवू, म्हणून खिशातला शिवणाचा खडू काढून कठड्यावर रेघ मारली. आता आमच्या धंद्यात रेघ म्हणजे शिलाई. कात्री चालवायची ती रेघेबाहेर चार बोटं माया, म्हणजे जादा कापड, सोडून, हे शिकाऊ पोरीलाही कळतं. या बाबाने बरोब्बर रेघेवर कात्री घातली. घरट्याच्या बाजूला तीन पानं उरली, आत चार पिल्लं. मी अशी ओरडले की थांब्यावरची माणसं बस सोडून धावत आली.

तेव्हापासून घरचं स्टूल आणून झुडपासमोर बसतेय. स्टूल ठेवायला परवानगी नाही, असं रखवालदार म्हणाला. म्हटलं, मग उभी राहते, गुडघे गेले तर औषधपाणी तू कर. त्याने स्वतःच स्टूल सावलीत सरकवलं. मग मुकादमाने येऊन नियम वाचून दाखवले. मी त्याचं लोंबणारं बटण टाचून दिलं आणि नाही म्हटलं. शेजारीण म्हणते, एवढ्याशा पाखरासाठी हसं करून घेतेस. घेते. जन्मभर दुसऱ्यांच्या मापाने कापत आले, आता पुरे. माझ्या रेघेमुळे ती पिल्लं उघड्यावर आली, ती उडेपर्यंत मी इथून हलायची नाही, मग पालिका येवो नाहीतर पोलीस.

हात दुखायला लागला, म्हणून इथेच थांबते. कंबर शेकत जा.

तुझी, हट्टी म्हणून प्रसिद्ध असलेली,
ताई

ता. क. हुकमाचा कागद मुकादमाकडून मागून वाचला. खाली सही तुझी आहे. साहेब माझा भाऊ आहे हे मी लाजेकाजेस्तव कुणाला सांगितलेलं नाही. काम दोन महिने थांबवा, एवढं एका ओळीत लिहून पाठव.

आणखी एक, वर लपवलं ते सांगते. पिल्लं काल सकाळीच उडाली, चारही. इथे कुणाला पत्ता नाही, कारण वाकून बघायला अजून कुणी आलेलंच नाही. तरी कागद पाठवच. पलीकडच्या झुडपात बुलबुल काड्या आणायला लागलेत, मी स्टूल तिकडे नेलंय.