छत्रीचं आजारपण

९ जानेवारी

छत्री आजही मिटलेलीच. माशांच्या टाकीतला दिवा लागला तरी ढिम्म. एरवी दिवा लागला की थोड्या वेळात तिच्या माथ्यावर केसांएवढी बारीक बोटं उगवतात, पाण्याबरोबर डुलतात. आता नुसता बोडका माथा. आणि कड खाली वळलेली — इस्त्री न केलेल्या कॉलरसारखी.

छत्री हे नाव मुलाने ठेवलेलं. दुकानातलं खरं नाव मला कधी धड म्हणता आलं नाही. मला प्रवाळ माहीत ते शाळेतल्या कवितांमधलं. लालभडक, कुणाच्या तरी ओठांना दिलेलं. ज्यांनी दिलं त्यांनी ते पाहिलं नसावं, आणि आम्हाला शिकवणाऱ्या मास्तरांनी तर नाहीच. मुलाने हे आणून खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवलं तेव्हा मी म्हटलं, हे प्रवाळ? हे तर चहात बुडवून काढलेलं अळंबं! तो हसता हसता जमिनीवर बसला. म्हणाला, बाबा, ही मऊ जात आहे. हिला हाडं नसतात, सगळं कातडंच.

हसू आलं की खाली बसायचाच तो. लहानपणापासून.

त्याला जाऊन सात महिने झाले. मागे टाकी राहिली, आणि आम्ही दोघं. मी आणि सूनबाई.

११ जानेवारी

मिटलेली.

१२ जानेवारी

मुलगा सांगायचा की ती मधूनमधून कात टाकते. आठवडाभर मिटून बसते, अंगावर मेणासारखी साय धरते, साय गळली की पहिल्यापेक्षा टवटवीत. घाबरायचं नाही. पण आता महिना होत आला. ही कात नव्हे.

माझ्याकडून काही हयगय नाही. दुपारी घरात कुणी नसतं, तेव्हा बाह्या वर करून दोन्ही हात टाकीत घालतो. माशांनी टाकलेलं खाणं काढतो, काच पुसतो, शेवटी छत्रीच्या माथ्यावर एक बोट टेकवतो. तो टेकवायचा म्हणून. पाणी कोमट असतं, सांध्यांना बरं वाटतं. जन्मभर कात्री चालवली, आता तीच कात्री बोटांच्या आतून चालते. आधी सूनबाईने आणलेला बाम चोळायचा, मग ही ऊब. तेवढा वेळ बोटं मोकळी होतात. वाटतं, अजून एक कोट सहज शिवेन!

१५ जानेवारी

सूनबाई बाटलीत टाकीचं पाणी घेऊन मासेवाल्याकडे तपासायला गेली होती. (मासेवाला म्हणजे टाकीचं सामान विकणारा. घरात त्याला हेच नाव. शेजारणीने एकदा पत्ता मागून घेतला, ताजे मासे मिळतात का म्हणून.) माझे गुडघे त्याच्या जिन्याला नाही म्हणतात, त्यामुळे तीच जाते.

उशिरा आली. काय म्हणाला विचारलं, तर चप्पल काढता काढता म्हणाली, पाणी चांगलं आहे. धीर धरा म्हणाला.

येताना माझ्यासाठी बाम आणला. या वेळी मोठे डबे, तेही दोन. मी न सांगता! एवढी आठवण ठेवते पोर.

२४ जानेवारी

सूनबाईचा दादा आला होता. माणूस वाईट नाही. आपल्या गावात तिच्यासाठी नोकरी बघून ठेवली आहे — इथे चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते, तिथेही तेच, पण दुकान मोठं. खोलीही बघितली आहे. मला म्हणाला, काका, तुम्हीच सांगा तिला, तिचं वय आहे का असं बसून राहायचं? मी म्हटलं, खरं आहे. आणि खरंच आहे. मी पाणी आणायला आत गेलो, पण पाणी नको होतं कुणाला.

आतून ऐकू आलं.

"छत्री आजारी आहे. बाबांना एकट्याने जमणार नाही. ती बरी होऊ दे, मग येते."

"लोक आजारी माणसासाठी थांबतात. तू अळंब्यासाठी थांब!"

"थांबते."

दादा जेवून गेला. जाताना टाकीपाशी उभा राहिला, काचेवर टिचकी मारून छत्रीला म्हणाला, अहो बाई, आटपा जरा लवकर.

छत्रीसाठी थांबली आहे. नवऱ्याने हाताने लावलेलं झाड कुणी मरू देईल का? तसंच हे.

२ फेब्रुवारी

कडेला करडा डाग पडला आहे. मऊ. जवळ नाक नेलं तर वास येतो.

सूनबाई बघायला आली, लगेच मागे झाली. दार लावून कपडे इस्त्री करत बसली. पुष्कळ वेळ. दोन माणसांचे असे कपडे तरी किती!

१० फेब्रुवारी

डाव्या अंगठ्याला सुरी लागली. खोल. सूनबाईने पट्टी बांधली आणि पाण्यात हात घालायचा नाही म्हणून तंबी दिली. त्यामुळे टाकीला चार दिवस सुट्टी. लांबूनच बघतो. छत्रीला काही जुन्या कविता म्हणून दाखवल्या. तिचं मत कळलं नाही.

दुकानात मशीन चालवताना कविता म्हणायचो, तेव्हा गिऱ्हाईकं हसायची. पण पायाला वृत्त लागतं, हे त्यांना काय ठाऊक! पँटच्या लांब शिवणीला शार्दूलविक्रीडित. बाहीला भुजंगप्रयात. काजाबटणाला ओवी पुरते. शाळा सातवीत सुटली, पण कविता पायात राहिल्या.

१४ फेब्रुवारी

बोटं! एका बाजूला, डागापासून लांब, मूठभर बोटं वर आली आहेत. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आहेत! डुलताहेत!

मी काय केलं? काहीच नाही. अंगठा कापला, एवढंच केलं.

१५ फेब्रुवारी

पट्टी काढली. बाम चोळून हात पाण्यात घातला आणि तिरप्या उजेडात दिसलं — हाताभोवती पाण्यावर एक पातळ झळाळी पसरत होती, सात रंगांची. शिंप्याला ती सांगावी लागत नाही. मशीनचं तेल पांढऱ्या कापडावर पडलं की जो धसका बसतो तोच बसला. हात ओढून घेतला.

बाम. रोज दुपारी, प्रेमाने, दोन्ही हातांनी मी तिला बाम पाजत होतो.

१६ फेब्रुवारी

सूनबाईला अजून सांगितलं नाही. का, ते इथे लिहून टाकतो. दुसरं कोण वाचणार आहे.

दुपारी बाम चोळला. बाह्या वर केल्या. टाकीपुढे उभा राहिलो. ती बरी झाली की सूनबाई जाणार. नाही झाली तर — मेली नाही, नुसती अशीच राहिली तर — संध्याकाळी जिन्यात तिच्या चपलांचा आवाज येत राहील. "बाबा, दिवा नाही का लावलात?" हे वाक्य येत राहील. कुणाला काही कळणारही नाही. सवयीने हात घालतो, एवढंच.

पाण्याला बोट लागणार इतक्यात ती मूठभर बोटं दिसली. माझ्या बाजूला वळलेली. पाण्याच्या ओढीने वळली असतील, पण वळलेली.

मोरीत जाऊन साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. वास जाईना.

१७ फेब्रुवारी

जेवणं झाल्यावर सांगितलं. बाम होता म्हटलं, दुसरं काही नव्हतं. वाटलं होतं, रागावेल तरी नाहीतर हसेल तरी. ती भांडं विसळत होती, तसंच विसळत राहिली. मग म्हणाली, "असं?"

डबे कपाटात वर ठेवून दिले. आता सडकी कड कापायला हवी, नाहीतर डाग पुढे सरकेल. ती म्हणाली, थांबू या की थोडं, घाई काय आहे. मी म्हटलं, घाई आहे. तिला वाटलं असेल, म्हातारा उतावीळ झाला. हात धुतल्यावर जो निश्चय होतो तो फार टिकत नाही, हे तिला कसं सांगू?

१८ फेब्रुवारी

केलं!

तिची सुट्टी होती. टेबलावर जुनी चादर, वाडग्यात टाकीचंच पाणी, हातात रबरी मोजे. सूनबाईने दिवा धरला. नव्या पात्याने करडी कड कापत गेलो. लोकरी कापड कापल्यासारखं, जरा चिवट. वास असा की तिने पदर नाकाला लावला, पण दिवा हलू दिला नाही. कापताना थोडा चांगला भागही सुटून आला, बशीएवढा. टाकवेना. तो दुसऱ्या दगडावर लावायचं ठरलं.

यावर गोंद चालत नाही, बुळबुळीत असतं. हे मला मुलाने शिकवलं. एकदा असाच तुकडा हातात घेऊन दुकानात आला होता, भर सीझनमध्ये, गिऱ्हाईकांसमोर. म्हणाला, बाबा, हे चिकटत नाही, तुम्ही शिवाल का? मी भडकलो होतो. लोकांच्या लग्नाचे कोट पडलेत आणि तू अळंबी शिवून मागतोस! मग शटर ओढून दोघं बसलो. त्याने तुकडा धरला, मी नायलॉनच्या दोऱ्याने भोकाच्या दगडावर टाके घातले. सैल. आवळून घातले तर दोरा कातडं कापतो. तो म्हणाला होता, तुमच्या सगळ्या कामात हेच एक काम असं आहे की शिवलेलं पुढे आपणहून वाढेल.

आज तसेच टाके घातले. बोटं आखडलेली, बाम नाही. भुजंगप्रयात म्हणत म्हणत घातले, मनातल्या मनात. शेवटची गाठ मारून वर पाहिलं तर सूनबाईचे डोळे लाल. खारं पाणी उडालं, म्हणाली.

एवढं लांब उडालं कसं!

२७ फेब्रुवारी

दोन्ही दगडांवर जीव धरला आहे. जखम फिकट गुलाबी. थोडं थोडं पाणी बदलतो, हात कोपरापर्यंत मोज्यात.

८ मार्च

मोठीच्या माथ्यावर गर्दी झाली आहे बोटांची. सूनबाई कामावरून येते तेव्हा मी मुद्दाम दारातच सांगतो, बघ, आज आणखी उघडली! मला केवढा आनंद झालाय हे तिला दिसायला हवं. नाहीतर माझ्याकडे बघून अडकून राहील. ती टाकीजवळ येते, म्हणते, हो, छान. आणि आत जाते. हल्ली बोलणं कमी झालं आहे. मन पुढे गेलं असेल, नव्या गावाला. जायलाच हवं.

१९ मार्च

दादाचा फोन. तिने मला दिला. काका, बाईसाहेब बऱ्या झाल्या का? मी म्हटलं, एकदम ठणठणीत. घेऊन जा बहिणीला.

बोलताना ती समोरच होती. मी हसत होतो. चांगलं जमलं.

३० मार्च

गेली.

छोटी छत्री डब्यात घालून देतो म्हटलं, तर नको म्हणाली. दोन्ही इथेच राहू देत. एकीला दुसरीची सवय झाली असेल. ट्रंक उतरवताना रिक्षावाला घाई करत होता. ती परत वर आली, टाकीचा दिवा बंद आहे का ते बघायला म्हणून. दिवा चालू होता, दिवसा असतोच. मग पाया पडली. मी म्हटलं, सुखी राहा. कवितांची एवढी पाठांतरं केली, आणि ऐन वेळी हे दोनच शब्द निघाले.

२ एप्रिल

संध्याकाळी जिन्यात चपला वाजल्या. वरच्या मजल्यावरच्या होत्या.

११ एप्रिल

मीठ संपलं टाकीचं. आता जिना चढायला मीच. दोन ठिकाणी थांबत, मासेवाल्याकडे पोचलो. त्याने स्टूल दिलं, छत्री कशी आहे विचारलं. मी मोठ्या ऐटीत सगळी हकिगत सांगितली — अंगठा, पाण्यावरची झळाळी, बाम. एखाद्या वैद्याने रोग ओळखावा तसा.

तो मिठाची पिशवी बांधत होता. सहज म्हणाला, "अहो आजोबा, मी वहिनींना तेव्हाच सांगितलं होतं की. पाण्याची बाटली आणली होती त्यांनी जानेवारीत. तेल होतं त्यात. विचारलं, घरात कुणी हाताला काही लावतं का? म्हणाल्या, हो, बाबा बाम लावतात. म्हटलं, आजच बंद करा."

मी विचारलं, मग?

मग काय, म्हणाला. मान हलवली आणि गेल्या.

त्या दिवशी ती उशिरा आली होती. आणि येताना बाम आणला होता. मोठे डबे. दोन.

घरी कसा आलो, आठवत नाही. मिठाची पिशवी मांडीवर घेऊन टाकीसमोर बसलो. तिला सगळं ठाऊक होतं. छत्री बरी होत नाही तोवर जायचं नाही, असं दादाला सांगून बसली होती, आणि ती बरी होऊ नये म्हणून मला बाम आणून देत होती. नवऱ्याची छत्री कडेने सडत चालली तरी आत बसून कपड्यांवर इस्त्री फिरवत राहिली. थांबू या की थोडं, म्हणाली होती. मी पातं घेऊन उभा!

एक शब्द बोलली असती. मीही कुठे बोललो.

१२ एप्रिल

सकाळी तिला फोन लावला. तिने पहिलं तेच विचारलं, छत्री कशी आहे?

दोन्ही समोर होत्या. कडेपर्यंत उघडलेल्या, इतकी बोटं की माथा दिसत नव्हता.

म्हटलं, "पुन्हा मिटली आहे गं."

पलीकडे नाक ओढल्यासारखं झालं.

"बाम संपला असेल," ती म्हणाली. "येताना आणते."