आडवी लहर

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. केजचं आपलं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, बाजाराचा दिवस. मी इंजिनिअरिंगच्या सुट्टीत आलेली, आणि तुम्ही एका मेंढपाळ मामांना समजावताय. त्यांनी घरावर अँटेना लावला होता, पण चित्रच येत नव्हतं. "मामा, दांड्या उभ्या लावल्यात तुमी. आडव्या करा. तिकडं स्टेशनच्या दांड्या आडव्या हायत, मग लहर बी आडवीच डुलत येती. उभ्या दांडीला ती घावतच न्हाई." मी वहीतून मान वर केली आणि म्हणाले, "अण्णा, लोकांना काहीही सांगू नका. लहरीला कसलं आलंय आडवं-उभं?" दुकानात चार माणसं होती. तुम्ही हसल्यासारखं केलंत. "तू शिकलेली हायस, तुला जास्ती कळतं," म्हणालात, आणि मामांना हळूच, "तरी बी एकदा करून बघा." त्यानंतर माझ्यादेखत तुम्ही कुठल्याच गिऱ्हाइकाला लहरीबद्दल काही सांगितलं नाहीत.

पुढच्याच सत्रात ध्रुवणाचा धडा आला. दांडीत वीज ज्या रेषेत मागंपुढं धावते, त्याच रेषेत लहरीचं विद्युतक्षेत्र डोलतं आणि तसंच डोलत दूर जातं. त्याला काटकोनात धरलेल्या दांडीत वीज जवळजवळ हलतच नाही. सातवीत शाळा सुटलेल्या तुम्हाला हे घराघरांवर चढून, दांड्या फिरवून फिरवून कळलं होतं. त्या संध्याकाळी मी फोन केला. आईची तब्येत, माझी परीक्षा, सगळं बोलले, हे सोडून. दिवाळीत सांगू म्हटलं, दिवाळीत लाज वाटली. उन्हाळ्याआधीच तुम्ही गेलात.

काल शिरूर कासारला आमच्या कंपनीच्या मोबाइल टॉवरवर मायक्रोवेव्हची डिश पलीकडच्या टॉवरकडे नीट रोखलेली, तरी सिग्नल अगदी क्षीण. टॉवरवर चढून काम करणारे काका चकलांब्याचे, तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयाचे. मी खालून सांगितलं, "काका, डिशमागचा डबा उभा बसलाय. पलीकडचा आडवा आहे. काटकोनात फिरवा." त्यांनी फिरवला आणि सिग्नल भरला. खाली उतरून घाम पुसत ते म्हणाले, "आमी सकाळधरनं झटतोय, ताई. तुमाला कुणी शिकवलं हे?"

मी म्हणाले, "कॉलेजात."

हा कागद आईलाही दाखवणार नाही. तुमचं नाव जिभेवर आलं होतं, अण्णा. पण तुमचं सांगितलं असतं, तर त्या दिवशी मी काय बोलले तेही सांगावं लागलं असतं.